हिवतापाची गोळी, ल्युपस आणि डोळे

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडच्या आसपासच्या जंगलपट्ट्यात हिवताप जुना, त्यामुळे क्लोरोक्विनची कडू गोळी घरोघरी ओळखीची. तिच्याच कुळातली हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आज ल्युपसच्या उपचाराचा कणा आहे. ल्युपसमध्ये रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते. रुग्णांत बहुतांश तरुण स्त्रिया.

1851 मध्ये पॅरिसच्या काझनाव्ह यांनी या आजाराला नाव दिले, तेव्हा तो कातडीचाच मानला जाई. 1872 मध्ये कापोसी यांनी तो आतल्या अवयवांनाही ग्रासतो हे दाखवले. इलाज मात्र नव्हता. 1949 नंतर स्टेरॉइड आले आणि जीव वाचू लागले. 1951 मध्ये पेज यांनी हिवतापावरचे मेपाक्रिन ल्युपसच्या रुग्णांना दिले आणि गुण आला. 1955 मध्ये अमेरिकेत हायड्रॉक्सिक्लोरोक्विनला मान्यता मिळाली. पण 1959 मध्येच क्लोरोक्विनने डोळ्याचा पडदा बिघडतो, हे लंडनच्या डॉक्टरांनी नोंदवले.

डोळ्यावर घाव आजार आणि औषध या दोन्हीकडून होतो. आजाराने डोळे कोरडे पडतात. ते थेंबांनी आटोक्यात राहतात. पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या सुजल्या, तुंबल्या किंवा दृष्टीची नस सुजली, तर नजर कायमची जाऊ शकते. तिथे मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, मायकोफेनोलेट किंवा सायक्लोफॉस्फामाइड लागते. गुठळ्यांची प्रवृत्ती असेल तर रक्त पातळ करणारे औषध. पडद्यावरचे पांढरे डाग मूत्रपिंडातल्या बिघाडाचीही सूचना असू शकतात. स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्याने मोतीबिंदू आणि काचबिंदू होऊ शकतात.

2014 च्या एका मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसले, की हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची मात्रा योग्य असेल तर पहिल्या दहा वर्षांत पडदा बिघडण्याचा धोका दोन टक्क्यांहून कमी, वीस वर्षांनंतर मात्र तो वीस टक्क्यांच्या घरात जातो. म्हणून 2016 पासूनची शिफारस अशी: रोजची मात्रा वजनाच्या दर किलोला 5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, म्हणजे पन्नास किलोच्या बाईला 250. पहिल्या वर्षात एक तपासणी, पाच वर्षांनंतर दरवर्षी. मूत्रपिंड कमजोर असेल तर आधीपासूनच.

2020 मध्ये कोरोनावर हीच गोळी चालेल या आशेने मागणी वाढली आणि ल्युपसच्या रुग्णांना ती मिळेनाशी झाली. ती आशा पुढे फोल ठरली.

2016 मध्ये गोंदियात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. त्याआधी सौंदडकरांना मोठ्या तपासणीसाठी अनेकदा नागपूर गाठावे लागे. अंतर कमी झाले आहे, आता टाळाटाळ करू नका. गोळी स्वतःहून बंद करू नका, नेत्रतपासणी चुकवू नका आणि नजर अचानक अंधुक झाली किंवा डोळा लाल होऊन दुखू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.