विस्मृत गाण्यांचा माग

अमरावतीहून परतवाड्यास जाणाऱ्या रस्त्यावर वलगांव लागतें. तेथील एखाद्या जुन्या घरीं माळ्यावरची ट्रंक उघडावी आणि तींतून ग्रामोफोनच्या काळ्या तबकड्या निघाव्यात, अशी कल्पना करावी. वरचा कागद विटलेला, गायकाचें नांव अर्धें पुसलेलें. एक क्रमांक तेवढा वाचतां येतो. एवढ्यावरून विसरलेलें गाणें ओळखतां येईल काय? पुष्कळदां येतें.

हिंदुस्थानांत व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास सुरू झालें. तबकडीच्या एका बाजूवर सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. कंपन्या नव्या तबकड्यांच्या याद्या छापीत व प्रत्येकीस क्रमांक देत. शिवाय मध्यभागाजवळ लाखेंतच दुसरा एक क्रमांक उमटलेला असे. तो मूळ मुद्रणाचा. कागद फाटला तरी हा क्रमांक टिकतो, आणि जुन्या यादीशीं ताडला असतां गाण्याचा काळ व गायक यांचा माग लागतो.

लोकप्रियतेची यादी ही याहून निराळी. डिसेंबर १९५२ मध्यें रेडिओ सिलोनवर ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. दर बुधवारीं अमीन सयानी गाण्यांच्या ‘पायदानां’ची वार्ता देत, दुकानांतील विक्री आणि श्रोतासंघांची पत्रें यांवरून तीं ठरत. वरच्या पायदानावरचीं गाणीं आजही कानीं पडतात. शोध घ्यावयाचा तो खालच्या पायदानांवरच्या गाण्यांचा; त्यांचीं नांवें यादींत आहेत, पण आवाज घरोघरच्या ट्रंकांत अडकला आहे.

ही यादी मात्र हिंदी चित्रपटगीतांची होती. मराठी भावगीतास तींत जागा नव्हती. मेहकरचे कवि ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता जी. एन्. जोशी यांनीं गाइली. आरंभींच्या मराठी भावगीतांच्या तबकड्यांत तिची गणना होते. वऱ्हाडच्या कवीचें हें गाणें गाजलें व स्मरणांत राहिलें. परंतु ज्या गाण्यांना असा लौकिक लाभला नाहीं, त्यांस तबकडीवांचून दुसरा साक्षीदार नाहीं.

तबकडीवरील नांवही नेहमीं खरें नसतें. ‘महल’ (१९४९) मधील गाजलेल्या गीताच्या तबकडीवर गायिका म्हणून ‘कामिनी’ हें चित्रपटांतील पात्राचें नांव छापलें होतें. श्रोत्यांची विचारणा वाढली, तेव्हां लता मंगेशकर हें नांव नभोवाणीवरून जाहीर झालें. तात्पर्य, यादींत नांव राहतें आणि तबकडींत आवाज. दोहोंची गांठ पडते तेव्हांच गाणें परत येतें. १९९० मध्यें मुंबईंत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संग्राहकांच्या संस्थेनें हें काम नेटानें चालविलें.

घरीं अशा तबकड्या असतील त्यांनीं त्या उभ्या ठेवाव्यात. एकीवर एक रचल्यास तडकतात. स्पिरिटनें पुसूं नयेत, कारण लाख त्यांत विरघळते. भंगारवाल्यास देण्यापूर्वीं दोन्ही बाजूंचे क्रमांक तरी उतरून घ्यावेत. एका बाजूचें गाणें घरांतल्या वडील माणसांस तोंडपाठ असेल. पण दुसऱ्या बाजूचें, कधीं फारसें न वाजविलेलें गाणें, कदाचित् त्या एकाच प्रतींत उरलें असेल.