दिवाणखान्यातले झाड

पारनेर तालुक्यातले घर बंद करून आई-वडील सावेडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याला आता तीन वर्षे होतील. २०२४ पासून कागदोपत्री अहिल्यानगर झालेले शहर त्यांच्या तोंडी अजून नगरच आहे. सामान एका टेम्पोत मावले. दारातला कडुनिंब तेवढा आणता आला नाही. पहिल्या उन्हाळ्यात वडील गॅलरीत खुर्ची टाकून बसायचे आणि ऊन सरकले की खुर्चीसकट सरकायचे. एकदा आई म्हणाली, "घरात एखादं झाड असू दे रे. फुलझाड नको, झाड." त्या शब्दावर आम्ही उठून नर्सरीत गेलो आणि जे डोळ्यांत भरले ते घेऊन आलो.

ते होते फायकस बेंजामिना. छातीएवढ्या उंचीचे, बारीक चकचकीत पानांचे. पंधरा दिवसांत पाने गळू लागली. आम्ही पाणी वाढवले. मग कुंडी गॅलरीत नेली, तिथून फ्रिजशेजारी, तिथून पुन्हा गॅलरीत. जितकी हलवाहलव, तितकी पानगळ. आई सकाळी केर काढताना पाने मोजायची. "या घराला मानवत नाही," असे एकदा ती पुटपुटली आणि घरात कोणालाच ते वाक्य आवडले नाही. दोन महिन्यांत झाड गेले.

घराचा काही दोष नव्हता. या जातीला जागाबदल सोसत नाही. उजेड बदलला की ती पाने टाकते आणि एका ठिकाणी राहू दिली तर सावकाश नवी धरते. आम्ही तिला राहू दिलेच नाही, वर पाण्याने मुळे कुजवली.

दुसऱ्या खेपेला आधी घर पाहिले, मग झाड. कुंडी ठेवायच्या जागी दुपारी एक पांढरा कागद धरायचा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात. हाताची सावली रेखीव पडली तर उजेड भरपूर. कडा पुसट असतील तर मध्यम. सावली पडतच नसेल तर तिथे झाडाचा हट्ट सोडून टेबललॅम्प ठेवावा. आपल्या डोळ्यांना कोपरा उजळ वाटतो, पण खिडकीपासून चार पावले आत उजेड किती झपाट्याने घटतो ते झाडालाच कळते. पूर्वेची खिडकी सर्वांत सोयीची. पश्चिमेच्या काचेजवळ आपल्याकडच्या एप्रिलात पाने चक्क भाजतात.

मग पाणी. हा जिल्हा पर्जन्यछायेतला, त्यामुळे बोअरच्या जड पाण्याची ओळख करून द्यायला नको. कुंडीतल्या मातीवर पांढरा थर धरला आणि पानांची टोके करपली, की समजावे क्षार साठले. अरेका पामला याचा त्रास लवकर होतो, कोरड्या हवेचाही. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर पडणारे पाणी वाया जाते म्हणून कुंडीत ओतणारी काटकसरी मंडळी आहेत. त्या पाण्यात क्षार आणखी दाट असतात, तेव्हा ते फरशी पुसायला वापरावे. शेतातली काळी माती आणून कुंडी भरणे हाही आपला आवडता उद्योग. ती पाणी धरून बसते. तिच्यात जाड वाळू आणि गांडूळखत मिसळावे, आणि बोट दोन पेरे आत घालून कोरडे लागले तरच पाणी द्यावे. कुंडीखालच्या ताटलीतले पाणी मात्र रोज ओतून टाकावे. डेंग्यूच्या डासाला तेवढे तळे पुरते.

हा सगळा हिशेब मांडल्यावर आमच्या हॉलला रबराचे झाड योग्य ठरले. संगमनेर तालुक्यात पेमगिरीचा वड ज्यांनी पाहिला असेल, एकरांनी मोजावा असा, त्यांना सांगायला हवे की हे रबर त्याचेच भाऊबंद. वड, पिंपळ, उंबर घराजवळ नको म्हणणारे आपण ते नर्सरीतून कौतुकाने घरी आणतो! ईशान्येकडच्या रानात ते तीस मीटरच्या वर जाते. मेघालयात खासी लोक त्याची जिवंत मुळे ओढ्यांवरून वळवून त्यांचे पूल करतात. असे झाड कुंडीत सात-आठ फुटांवर राहते, ते केवळ कुंडी लहान म्हणून. मोठे झाले की सोसायटीच्या भिंतीलगत लावायचा मोह मात्र टाळावा. मुळे पूल बांधतात तशी भिंतही उचकटतात.

घरात रांगते मूल असेल तर आणखी विचार करावा. रबराच्या चिकाने अंगाला खाज सुटते. ठिपक्यांच्या मोठ्या पानांचे डिफेनबेकिया तर आणूच नये. त्याच्या पानात सुईसारखे स्फटिक असतात, चावले की तोंडाची आग होते, जीभ सुजते. अशा घरात अरेका बरा, तो निरुपद्रवी आहे. त्याला पावसाचे साठवलेले पाणी द्यावे.

हवा शुद्ध होते म्हणून झाड घेणाऱ्यांची थोडी निराशा करतो. 'नासा'च्या १९८९ सालच्या ज्या प्रयोगाचा सगळीकडे दाखला दिला जातो, तो हवाबंद पेट्यांमध्ये झाला होता. २०१९ मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. घरात एरवी होणाऱ्या हवापालटाइतके काम व्हायला दर चौरस मीटरला दहा ते हजार कुंड्या लागतील, असा त्यातला हिशेब. त्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी. तसेच रात्री झाड आपला प्राणवायू ओढते ही भीतीही फोल. शेजारी घोरणारा माणूस त्याच्या कितीतरी पट ओढतो.

आमचे रबर आता वडिलांच्या खांद्याला लागले आहे. दर शनिवारी ते ओल्या फडक्याने एकेक पान पुसतात. नवे पान लाल टोपीतून बाहेर येते, तेव्हा नातवंडांना हाक जाते. गेल्या वटपौर्णिमेला आईला बाजारातली तोडलेली फांदी नको होती आणि गुडघ्यांमुळे वडापर्यंत चालवत नव्हते. "भाऊबंदच ना?" म्हणत तिने रबरालाच सूत गुंडाळले. फेऱ्यांना जागा व्हावी म्हणून सोफा सरकवावा लागला. कुंडी मात्र तिने जागची हलवू दिली नाही.