दोन आनंदांचा महिना

हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात हळदीचा हंगाम सुरू झाला की सकाळपासून कट्ट्यांच्या थप्प्या लागतात. चांद्र वर्षामुळे रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो आणि गेल्या काही वर्षांत तो या हंगामाच्या आसपासच येतो आहे. पहाटे सहेरी करून दिवसभर पाण्याचा थेंबही न घेता कट्टे वाहणारा रोजेदार हमाल मगरीबची अजान होताच एक खजूर तोंडात टाकतो, वर दोन घोट पाणी पितो. त्या वेळी त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान उमटते, ते चढ्या भावाने माल विकलेल्याच्या चेहऱ्यावरही दिसेलच असे नाही.

रोजेदाराला दोन आनंद मिळतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले आहे. एक रोजा सोडतानाचा आणि दुसरा आपल्या पालनकर्त्याला भेटतानाचा. दुसरा आनंद परलोकातला, पण पहिला याच जगातला आणि रोजचा आहे. एका खजुराच्या सुखाला एवढ्या मोठ्या सुखाच्या शेजारी जागा मिळाली, हे विचार करण्यासारखे आहे.

खजूर तोच असतो, पाणीही तेच. मग संध्याकाळी ते एवढे गोड का लागते? कारण दिवसभर हात आवरलेला असतो. माणसाला मिळालेल्या गोष्टीची फार लवकर सवय होते. अमेरिकेत 1978 साली काही मानसशास्त्रज्ञांनी मोठी लॉटरी लागलेल्या लोकांचा अभ्यास केला. ते इतरांपेक्षा फारसे सुखी आढळले नाहीत. उलट रोजच्या साध्या गोष्टींतली त्यांची गोडी कमी झाली होती. रोजा नेमके याच्या उलट करतो. तो हरवलेली गोडी परत आणतो.

इमाम गझाली यांची गोष्टही हेच सांगते. बगदादच्या निजामिया विद्यापीठात ते मोठ्या मानाचे अध्यापक होते. कीर्ती होती, शिष्य होते, दरबारात वजन होते. तरीही मनाची घालमेल इतकी वाढली की शिकवताना तोंडातून शब्द फुटेना. 1095 साली त्यांनी ते पद सोडले. पुढे त्यांनी फारसीत ‘किमिया-ए-सआदत’ हा ग्रंथ लिहिला. त्या नावाचा अर्थ ‘सुखाची किमया’. या किमयेची सुरुवात त्यांनी स्वतःला ओळखण्यापासून केली.

पण एवढ्यावर थांबले तर गोष्ट अर्धीच राहील. ज्याच्या घरी संध्याकाळी ताट वाढलेले आहे, त्याची भूक व्रत ठरते. ज्याच्या घरी ते नाही, त्याची भूक फक्त भूक असते. ईद जवळ येते तसा अनेक घरांत आनंदाऐवजी घोर वाढतो. लेकरांचे कपडे, शीरखुर्म्याचे दूध, सुका मेवा, आधीची उधारी. अशा बापाला ‘आहे त्यात सुख मान’ असे सांगणे सोपे आहे. इस्लामने ती जबाबदारी आधी ज्याच्याकडे आहे त्याच्यावर टाकली. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त शिल्लक वर्षभर राहिली, तर तिचा चाळिसावा भाग, म्हणजे अडीच टक्के जकात द्यायची. शिवाय ईदच्या नमाजपूर्वी घरातल्या तान्ह्या बाळासह माणशी फितरा काढायचा. आपल्याकडे तो साधारण पावणेदोन किलो गहू किंवा त्याची किंमत असा धरतात. नमाजनंतर दिला तर ते साधे दान होते, फितरा राहत नाही. म्हणजे शेजारच्या घरी चूल पेटण्याची सोय आधी आणि आपली ईद नंतर.

यात देणाऱ्याचेही भलेच होते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात काही लोकांना सकाळी थोडे पैसे देण्यात आले. काहींनी ते स्वतःवर खर्च करायचे होते, काहींनी दुसऱ्यावर. संध्याकाळी दुसऱ्यावर खर्च करणारे अधिक आनंदी होते. पाच डॉलर असोत की वीस, त्याने फरक पडला नाही.

ज्यांच्या नावाने हिंगोलीचा हा बाजार चालतो, ते संत नामदेव जिल्ह्यातल्याच नरसीचे. कुत्र्याने पोळी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, ही कथा घरोघर सांगितली जाते. हदीसमध्येही एका वाटसरूची हकीकत आहे. तहानेने व्याकूळ झालेले कुत्रे पाहून तो विहिरीत उतरला, आपल्या पायताणात पाणी भरून आणले आणि त्याला पाजले. तेवढ्यावर अल्लाहने त्याला क्षमा केली. दोन्ही कथांत देणाऱ्याने समोरच्याची जात पाहिली नाही, परतफेडही मोजली नाही.

रमजान महिनाभराचा, सवय मात्र वर्षभर टिकू शकते. आठवड्यातून एखादे जेवण मोबाईल बाजूला ठेवून, घासाची चव घेत जेवता येते. मिळालेल्या पैशातला थोडा भाग गाजावाजा न करता बाजूला काढता येतो. ईदच्या दिवशी शेजाऱ्याकडे शीरखुर्म्याची वाटी पाठवण्याची रीत तर जुनीच आहे. यंदा ती वाटी भरताना गल्लीत कोणाच्या घरी दूध आले नाही, एवढे आधी पाहावे. आपल्या वाटीची गोडी त्यानेच वाढेल.