अंगावर पित्त उठणे : कारणे आणि प्रतिबंध

अंगावर एकाएकी लालसर, खाजऱ्या गांधी उठल्या की ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी लावण्याची आपल्याकडे प्रथा आहे. त्याने थोडा थंडावा वाटतो. परंतु मूळ कारणाचा शोध तेथेच थांबतो. वास्तविक या विकाराचा यकृतातील पित्ताशी संबंध नाही. त्वचेतील विशिष्ट पेशींमधून ‘हिस्टामिन’ हे द्रव्य बाहेर पडते, सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरतो आणि गांधी उमटतात. प्रत्येक गांध बहुधा २४ तासांच्या आत मावळते. हा विकार संसर्गजन्य नाही.

विषाणुजन्य ताप-सर्दी, पेनिसिलिनसारखी प्रतिजैविके, अ‍ॅस्पिरिन व आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके, कोळंबी, मासे, अंडी, शेंगदाणे आणि कीटकदंश ही नेहमीची कारणे होत. काहींना थंडी, घाम अथवा घट्ट कपड्यांचा दाबही पुरतो. त्रास ६ आठवड्यांहून अधिक टिकल्यास अनेकदा बाह्य कारण सापडत नाही. अशा वेळी स्वतःच्या मनाने एकेक अन्नपदार्थ वर्ज्य करू नये.

प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्याने नोंदीचे मोल जाणतो. केसपेपरवरील ‘औषधाची अ‍ॅलर्जी’ ही जागा अनेकदा कोरी असते. पूर्वी एखाद्या गोळीनंतर अंगावर गांधी आल्या असल्या, तरी ‘ते तर साधे पित्त होते’ या समजुतीने रुग्ण ते सांगत नाही. तेच औषध पुन्हा दिले गेल्यास प्राणावर बेतू शकते.

म्हणून गांधी उठल्यास आधीच्या काही तासांतील आहार, औषधे व दंश यांची तारीखवार नोंद ठेवावी. संशयित औषधाचे नाव चिठ्ठीवर लिहून जवळ बाळगावे आणि प्रत्येक डॉक्टरांना दाखवावे. उरलेली जुनी औषधे परस्पर घेऊ नयेत. सैल सुती कपडे वापरावेत. खाज शमविणारी औषधे वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावीत.

ओठ वा जीभ सुजणे, आवाज घोगरा होणे, श्वास लागणे किंवा भोवळ येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे. अशा वेळी तातडीने दिलेले अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन जीव वाचवू शकते.

केसपेपरवरील ती कोरी जागा आपण सर्वांनी आठवणीने भरावी, ही नम्र विनंती.