काट्यामागची नऊ पिनांची केबल

गळीत हंगामात वजनकाटा बंद पडला की काय होतं, हे नगर जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्यांची रांग गेटाबाहेर जाते आणि केबिनमधल्या काटा क्लार्कच्या नावानं सगळे खडे फोडतात. काट्याखाली लोडसेल, केबिनमध्ये वजनाचे आकडे दाखवणारा इंडिकेटर, आणि त्याच्या पाठीमागून कॉम्प्युटरला जाणारी एक केबल. दूध संकलन केंद्रात फॅट मशीन आणि कॉम्प्युटरच्या मध्येही बऱ्याच ठिकाणी तिचीच बहीण असते. माझं पोट या केबलींवर चालतं.

या केबलच्या टोकाला इंग्रजी डी अक्षराच्या आकाराचा, नऊ पिनांचा कनेक्टर असतो. दुकानदार, वायरमन, इंजिनिअर, सगळे त्याला डीबी-9 म्हणतात. आणि कुणी तसं म्हणालं की एखादा जाणकार हमखास उठतो: डीबी नव्हे, डीई-9. त्याचं म्हणणं खरं आहे. अमेरिकेतल्या कॅनन कंपनीनं 1952 मध्ये हे कनेक्टर काढले, तेव्हा दुसरं अक्षर कवचाच्या मापासाठी ठेवलं. ए म्हणजे 15 पिना, बी 25, सी 37, डी 50 आणि ई 9. सुरुवातीच्या पीसींचा सिरियल पोर्ट 25 पिनांचा, म्हणून डीबी-25. 1984 मध्ये आयबीएमनं पीसी-एटीवर तो नऊ पिनांचा केला. लोकांनी आकडा तेवढा बदलला, बी तसाच ठेवला. आता कॅटलॉगमध्येही तोच छापलेला दिसतो. नेटवर्क केबलच्या टोकाला आपण आरजे-45 म्हणतो, तेही काटेकोरपणे पाहिलं तर चुकीचंच.

आमच्या धंद्यातल्या लोकांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे. हंगामाच्या तोंडावर एका नव्या पोरानं विचारलं, ‘डीबी-9 लावलाय, पण वजन कॉम्प्युटरवर येत नाही, काय करू?’ पहिली सगळी उत्तरं नावावर. ‘आधी कनेक्टरचं नाव शिक, मग काटा उघड,’ असंही एकानं सुनावलं. पोरगं गप्प झालं. बिघाड साधा होता. कॉम्प्युटरच्या नऊ पिनांच्या पोर्टवर दोन नंबरची पिन ऐकते, तीन नंबरची बोलते, पाच नंबर ग्राउंड. इंडिकेटरचीही मांडणी तशीच असेल आणि केबल सरळ असेल, तर बोलणारी पिन बोलणारीला जोडली जाते. दोन-तीनची अदलाबदल केलेली क्रॉस केबल हवी. गंमत अशी की कॉम्प्युटरच्या जुन्या 25 पिनांच्या पोर्टवर दोन नंबरची पिन बोलायची आणि तीन ऐकायची. म्हणजे त्या पोराला अक्षर चुकल्यानं काडीचा फरक पडणार नव्हता. आकडा चुकला असता तर मात्र गोंधळ झाला असता.

सगळ्याच शब्दांना मी अशी सूट देत नाही. ‘सिरियल आहे’ एवढंच कुणी सांगितलं तर मी त्याला थांबवतो. आरएस-232 आणि आरएस-485 हे दोन्ही त्याच नऊ पिनांतून येऊ शकतात. 232 ची मजल साधारण 15 मीटर; 485 दोन तारांमधल्या व्होल्टेजच्या फरकावर चालतो आणि किलोमीटरभर जातो. दोन्ही एकमेकांना जोडले तर डेटा येत नाही, कधी पोर्टही जातो. इथं ‘समजून घ्या की’ चालत नाही. उलट नगरच्या सावेडी भागातल्या आमच्या दुकानात कुणी अख्खा कॅबिनेट खांद्यावर घेऊन आला आणि ‘सीपीयू बंद पडलाय’ म्हणाला, तर सीपीयू म्हणजे आतली एवढीशी चिप, हे व्याख्यान कशाला? चालू करताना बीप वाजतो का, पंखा फिरतो का, हे विचारलं की निम्मं निदान होतं.

जीबीचा वाद वेगळा, कारण त्यात पैसा आणि संशय येतो. गिऱ्हाईक एक टीबीची डिस्क नेतं आणि संध्याकाळी परत येतं: ‘कॉम्प्युटर 931 जीबी दाखवतोय, बाकीची कुठं गेली?’ कुठंच नाही गेली. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या पटीत, आणि दोघंही वर जीबीच लिहितात. 1998 मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युत तंत्र आयोगानं 1024 च्या पटीसाठी किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट अशी वेगळी नावं काढली. नगरच्या बाजारात मी ती कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. अमेरिकेत हे प्रकरण डिस्क बनवणाऱ्या वेस्टर्न डिजिटल कंपनीविरुद्ध कोर्टात गेलं आणि 2006 मध्ये तडजोडीवर मिटलं. तेव्हा आमच्या गिऱ्हाइकाला अडाणी समजू नये. मी त्याच्यासमोर कॅल्क्युलेटर ठेवतो.

चुकणाऱ्याला चारचौघांत झापण्याची आमच्या ग्रुपवरची ही सवय मोठ्यांच्या जगातही होती. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचे जनक लिनस टोरवाल्ड्स चुकीचा कोड पाठवणाऱ्याला जाहीरपणे झोडपून काढण्यासाठी प्रसिद्ध होते. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांनी त्याबद्दल माफी मागितली, काही आठवडे कामापासून लांब राहिले, आणि त्याच सुमारास लिनक्स कर्नलच्या कामासाठी आचारसंहिता लागू झाली. काहींना वाटलं, आता दर्जा घसरणार. लिनक्स चाललंय, आमच्या काट्यांपेक्षा बरं.

ग्रुपवर आता मी एवढंच लिहितो: पोर्टचा समोरून फोटो टाका, पिना मोजता येतील असा, आणि इंडिकेटरचा मॉडेल नंबर. नावावरची चर्चा आपोआप मागं पडते. त्या जाणकारांपैकी एक जण तर फोटो बघून पिना सांगण्यात आमच्यात सगळ्यांत पटाईत निघाला.

बिलावर मात्र मी डीबी-9 च लिहितो. एकदा शुद्ध नाव लिहायची हौस आली होती; हिशेब खात्यानं बिल परत पाठवलं, शेरा मारून: ‘हा माल ऑर्डरमध्ये नाही.’