उखळीचा सांधा
(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. वार्षिकासाठी लेख लिहायचा म्हणताच बेकारी, स्त्री-शिक्षण असे भारदस्त विषय डोळ्यांपुढे आले. पण या वर्षी मला पक्के कळले असे एकच प्रकरण आहे : आमच्या जुन्या पिकअपचे बॉल जॉइंट. तेव्हा वाचकहो, तेच सांगतो.

उंब्रजला तारळी कृष्णेला मिळते आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आताचा ४८) गावाजवळूनच जातो. आमचे आबा पहाटे भाजी भरून पाणंदीतून गाडी काढतात आणि महामार्गाने कराडचा बाजार गाठतात. गेल्या पावसाळ्यानंतर चाक खड्ड्यात गेले की पुढून 'खट्' असा आवाज येऊ लागला. स्टिअरिंग भरकटू लागले. डाव्या टायरची आतली कड झिजली.

पुढच्या चाकाला दोन हालचाली कराव्या लागतात : खड्ड्याबरोबर वरखाली आणि स्टिअरिंगबरोबर डावीउजवीकडे. मांडीचे हाड खुब्यात जसे फिरते तसाच हा उखळीचा सांधा. पोलादी गोळा, त्याला धरणारी वाटी, मध्ये ग्रीस आणि वरून रबरी टोपी. पूर्वी या जागी किंगपिन असे. अमेरिकेत लिंकन मोटारीने १९५२ साली पुढच्या चाकांना बॉल जॉइंट दिले. रबर फाटले की चिखल आत जातो, ग्रीस धुऊन निघते आणि गोळा वाटी खात जातो. अखेर गोळा निसटला तर चालत्या गाडीचे चाक आडवे पडते.

गॅरेजची मजुरी वाचली तर माझी परीक्षा फी निघत होती. म्हणून आबांनी काम अंगणातच काढले. पुस्तिका इंग्रजीत; ती वाचून अर्थ सांगण्याचे काम माझ्याकडे आले.

आधी मागच्या चाकांना दगड लावले. गाडी उचलून चासीखाली भक्कम स्टँड दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली कधीही शिरू नये. चाक काढले. आमच्या गाडीत स्प्रिंगचा जोर खालच्या आर्मवर असतो, म्हणून त्या आर्मखाली जॅक ठेवला. नाहीतर सांधा सुटताच आर्म उसळून खाली येतो.

नटाची स्प्लिट पिन काढली आणि नट ढिला केला, पण चार आट्यांवर तसाच ठेवला. बॉल जॉइंटचा दांडा निमुळता असून भोकात घट्ट रुतलेला असतो. आबांनी भोकाच्या बाजूला एक जड हातोडा टेकवला आणि समोरून दुसऱ्याने ठोका दिला. तिसऱ्या ठोक्याला दांडा सुटला. नट राहिल्यामुळे काही उडाले नाही. मग बोल्ट काढून जुना जॉइंट उतरवला. काही गाड्यांत तो दाबून बसवलेला असतो. त्याला प्रेस लागते, घरी ते काम होत नाही.

नवा बसवताना दांडा व भोक कोरडे पुसले. नट आवळायचे काम आबांनी माझ्यावर सोपवले. पुस्तिकेतल्या आकड्याइतका मी मागून आणलेल्या टॉर्क पान्याने आवळला, पण नटाची खाच आणि दांड्याचे भोक जुळेना. अशा वेळी नट आणखी आवळूनच खाच जुळवायची असते, मागे फिरवायचा नसतो. मी दमलो होतो. किंचित मागे फिरवला, पिन घातली आणि "झालं" म्हटले.

रात्री झोप लागली नाही. ढिला दांडा भोकात हलत राहतो, भोक खातो आणि एक दिवस तुटतो. पहाटे आबा गाडी सुरू करणार तोच मी सगळे सांगितले. ते रागावले नाहीत. "आज बाजार ऱ्हाऊ दे," म्हणाले, "जॅक आण."

पुन्हा चाक काढले, नट आवळला, नवी पिन घातली, निपलातून ग्रीस भरले. दुसऱ्या दिवशी कराडला व्हील अलाइनमेंट करून घेतले, कारण सांधा बदलल्यावर चाकाचा कोन बदलू शकतो.

आबांना सहीपुरतेच लिहिता येते. 'नट मागे फिरवू नये' हे पुस्तिकेतले वाक्य त्यांना मीच वाचून दाखवले होते.