शस्त्रक्रिया सोडून रंगभूमीवर : डॉ. श्रीराम लागू

देरा (दुबई) येथून

हिंदी चित्रपट पाहणाऱ्या आपल्या घरांत डॉ. श्रीराम लागू यांचा चेहरा अनोळखी नाही. 'मुकद्दर का सिकंदर' (१९७८) मधले राखीचे वडील ते हेच. कुठे न्यायाधीश, कुठे पोलीस अधिकारी, कुठे सालस बाप. येथे देऱ्याच्या बाजारातही लोक त्यांना याच रूपात ओळखत आले. एके काळी व्हिडिओ कॅसेटींनी हिंदी चित्रपट समुद्रापार घरोघर नेला. मराठी नाटक त्या वाटेने फारसे गेले नाही, आणि लागूंचे मोठेपण तर नाटकात होते. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसाला त्यांची अर्धीच ओळख झाली, असे म्हणावे लागते.

त्यांचा जन्म १६ नोव्हेंबर १९२७ रोजी साताऱ्याला झाला. पुण्यात वैद्यकीय शिक्षण घेऊन ते कान, नाक, घशाचे शल्यविशारद झाले. शिकत असतानाच भालबा केळकर आदी मित्रांबरोबर त्यांना नाटकाचे वेड लागले होते. पुढे कॅनडा व इंग्लंडमध्ये अधिक शिक्षण झाले, आणि हिंदी महासागराच्या आपल्याच बाजूला, टांझानियातील टाबोरा गावी, त्यांनी डॉक्टरी केली. परमुलखात स्थिरावलेला डॉक्टर! आपल्या वडीलधाऱ्यांना विचारा, मुलाने याहून अधिक काय करावे? पण १९६९ साली, वयाच्या बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, लागू पूर्णवेळ नट झाले. वसंत कानेटकरांच्या 'इथे ओशाळला मृत्यू' या नाटकाने त्यांनी सुरुवात केली.

वर्षभरातच, २३ डिसेंबर १९७० रोजी, मुंबईच्या गोवा हिंदू असोसिएशनने वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' रंगभूमीवर आणले. दिग्दर्शक होते पुरुषोत्तम दारव्हेकर. गणपतराव बेलवलकर हा निवृत्त नट आपली सारी कमाई मुलांना वाटून देतो, आणि मग त्याच मुलांच्या दारात तो व त्याची बायको कावेरी नकोसे होतात. शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'ची छाया या कथेवर आहे, परंतु घर मात्र अस्सल मराठी आहे. जमीनजुमला कोणाच्या नावावर करावा, हा प्रश्न आपल्याकडे काय कमी घरांत उठतो? त्रेचाळीस वर्षांच्या लागूंनी हा थकलेला म्हातारा उभा केला. लांबलचक स्वगते, मध्येच राजाचा रुबाब, मध्येच रस्त्यावरच्या भिकाऱ्याची लाचारी. जड पण स्वच्छ आवाजाचा हा नट ते सारे पेलून नेई. शांता जोग कावेरी झाल्या होत्या. पुढे इतर नटांनीही ही भूमिका केली, २०१६ साली नाना पाटेकरांचा चित्रपटही आला. तरी बेलवलकर म्हटले की जुन्या प्रेक्षकांना लागूच आठवतात.

त्याच १९७० साली त्यांनी विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' बसविले. साडीवरचा लाल डाग सेन्सॉरला खटकला. तेव्हा डाग निळा करण्यात आला, आणि तो लाल समजावा असे प्रेक्षकांना सांगण्यात आले. खोडकरपणा म्हणा, पण त्यात ताठा होता.

मराठी पडद्यावर व्ही. शांतारामांच्या 'पिंजरा' (१९७२) मधील मास्तरांनी त्यांना गावोगावी नेले. पुढे 'सामना' आणि 'सिंहासन' आले. 'घरौंदा' (१९७७) साठी त्यांना फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तर अ‍ॅटनबरोंच्या 'गांधी' (१९८२) मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले झाले.

देवाला आता निवृत्त करावे, असे ते उघडपणे लिहीत. आपल्यातील पुष्कळांना हे पटणार नाही, मलाही सारे पटत नाही. पण अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात ते ठाम राहिले, आणि सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून निधी उभारण्यासाठी नाटकाचे प्रयोग करीत गावोगाव हिंडले. त्यांच्या आत्मचरित्राचे नावच 'लमाण'. लमाण म्हणजे पाठीवर माल घेऊन गावोगाव नेणारा.

१९९४ साली धावत्या लोकलवर कोणी भिरकावलेला दगड लागून त्यांचा तरुण मुलगा तन्वीर गेला. लागू व त्यांच्या पत्नी, अभिनेत्री दीपा, यांनी त्याच्या नावाने नाट्यकर्मींसाठी 'तन्वीर सन्मान' सुरू केला. १७ डिसेंबर २०१९ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी, पुण्यात लागूंचे निधन झाले.

मॉरिशसच्या नाट्यस्पर्धांत काम करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी आधी 'सामना' पाहावा. निळू फुले समोर असताना लागू नुसते ऐकतात कसे, तिकडे लक्ष द्यावे.